सीमेवरचे देऊळ, शेवटचे अक्षर

इजिप्तची देवळे म्हटली की बहुतेकांना कर्नाक आणि अबू सिंबेल ही दोनच नावे आठवतात. कर्नाकचे ते प्रचंड खांब आणि अबू सिंबेलला डोंगरात कोरलेले राजाचे चार पुतळे आपण शाळेच्या पुस्तकापासून कॅलेंडरपर्यंत सगळीकडे पाहिलेले असतात. आज मात्र मी लिहिणार आहे ते एका लहानशा बेटावरच्या देवळाबद्दल. बेटाचे नाव फिले आणि देवीचे नाव आयसिस.

कर्नाकच्या मानाने हे देऊळ लहान, आणि वयानेही बरेच धाकटे. पण दोन बाबतीत त्याची बरोबरी करणारे दुसरे देऊळ नाही. इजिप्तची चित्रलिपी साधारण साडेतीन हजार वर्षे चालली. तारीख घातलेला तिचा शेवटचा लेख या देवळात आहे. आणि त्यानंतर चौदाशे वर्षांनी ती लिपी पुन्हा वाचता आली, तेव्हा याच देवळातला एक दगड कामी आला. त्यातून हे देऊळ अगदी सीमेवरचे. दोन प्रदेशांची माणसे इथे येत, दोन-तीन भाषा इथे नांदत. आपल्या भागातल्या वाचकांना त्याची हकीकत परकी वाटणार नाही, असे मला वाटते.

आधी ठिकाण समजून घेऊ. नाईल नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. आस्वान शहराच्या थोडे वरच्या अंगाला नदीच्या पात्रात खडकच खडक आहेत. पाणी त्यांच्यातून फेसाळत उतरायचे, नावा सहजी पुढे जात नसत. ही इजिप्तची जुनी नैसर्गिक सरहद्द. खाली उत्तरेला इजिप्त, वर दक्षिणेला न्युबिया. राजे बलवान झाले की सरहद्द दक्षिणेला सरकायची, दुबळे झाले की मागे यायची. फिले बेट या खडकांच्या दक्षिण टोकाला होते.

बेटावर सापडलेले सर्वांत जुने कोरीव दगड इसवी सनापूर्वी सातव्या शतकातल्या ताहर्का राजाचे आहेत, आणि हा राजा स्वतः न्युबियन घराण्यातला. आज उभ्या दिसणाऱ्या इमारतींत जुना आहे तो इ.स.पू. चौथ्या शतकातल्या पहिल्या नेक्टानेबो राजाचा मंडप. मुख्य देऊळ बांधायला घेतले दुसऱ्या टॉलेमीने, इ.स.पू. तिसऱ्या शतकात. टॉलेमी हे ग्रीक बोलणारे राजे, सिकंदराच्या एका सेनापतीचे वंशज. पण देवळाच्या भिंतीवर त्यांनी स्वतःला कोरून घेतले ते पक्क्या इजिप्शियन फारोच्या वेशात. पुढे रोमन सम्राट आले, त्यांनीही तेच केले. ट्रेजन आणि हेड्रियनपर्यंत भर पडत गेली. म्हणजे पाचशे वर्षे हे आवार वाढतच होते.

इजिप्तचे देऊळ म्हणजे लोकांनी जमून प्रार्थना करायची जागा नव्हे. त्यांच्या भाषेतल्या शब्दाचा अर्थच 'देवाचा वाडा' असा होतो. देव तिथे राहतो, आणि पुजारी हे त्याचे सेवेकरी. पहाटे गाभाऱ्याचे दार उघडायचे, मूर्तीला जागवायचे, वस्त्र चढवायचे, नैवेद्य दाखवायचा. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतचा दिनक्रम माहीत असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की सामान्य माणसाला बाहेरच्या चौकापलीकडे प्रवेश नसे. उत्सवाच्या दिवशी देवता नावेत बसून बाहेर येई, तेव्हाच दर्शन.

आता नकाशा समोर ठेवून आपण आत जाऊ. नाव दक्षिण टोकाला लागते. नेक्टानेबोचा मंडप ओलांडला की लांबलचक चौक लागतो. दोन्ही बाजूंना खांबांच्या ओवऱ्या आहेत, पण त्या समांतर नाहीत. पुढे जाल तसे अंतर बदलत जाते. पश्चिमेची ओवरी पाण्याच्या काठाकाठाने जाते आणि तिच्या भिंतीत खिडक्या आहेत. पूर्वेच्या ओवरीतले काही खांब तर अर्धवटच राहिलेत, नुसते ओबडधोबड घडवलेले. चौकाच्या टोकाला पहिले महाद्वार, म्हणजे मध्ये दरवाजा आणि दोन्ही बाजूंना वर निमुळते होत जाणारे भरीव बुरूज. उंची १८ मीटर, रुंदी ४५ मीटर. त्यावर बारावा टॉलेमी शत्रूंना केसांना धरून मारतो आहे. ही क्लिओपात्राच्या वडिलांची स्वारी. खऱ्या आयुष्यात गादी टिकवण्यासाठी रोमच्या दाराशी जाऊन बसलेला हा राजा, पण महाद्वारावर असेच चित्र हवे, असा हजारो वर्षांचा शिरस्ता होता.

आतल्या चौकात डाव्या हाताला जन्मघर आहे. आयसिसने आपल्या मुलाला, होरसला, जन्म दिला त्याचा सोहळा तिथे होई. राजा हा होरसचाच अवतार मानलेला, त्यामुळे देवीच्या बाळंतपणाचा सण हा राजाच्या गादीचाही सण. उजव्या हाताला पुजाऱ्यांच्या खोल्या. समोर दुसरे महाद्वार, तेही पहिल्याच्या सरळ रेषेत नाही, चांगलेच कललेले. बेटाचा आकार वेडावाकडा आणि बांधकाम टप्प्याटप्प्याने झालेले, म्हणून असे झाले. पुढे दहा खांबांचा सभामंडप, आणि त्यामागे एकामागून एक लहान होत जाणाऱ्या अंधाऱ्या खोल्या. जमीन हळूहळू चढते, छत उतरते, उजेड कमी होतो. शेवटी गाभारा. तिथे आज एक दगडी चौथरा तेवढा आहे, देवीची नाव ठेवण्याचा. तिसरा टॉलेमी आणि त्याची राणी बेरेनिके यांनी तो बसवला.

पश्चिमेच्या ओवरीला खिडक्या आहेत त्या बाजूला, पाण्यापलीकडे, बिगा नावाचे बेट आहे. आयसिसचा नवरा ओसायरिस. त्याच्या भावाने त्याला मारले, आयसिसने त्याला शोधून काढले, त्याच्यासाठी शोक केला आणि मंत्रबळाने त्याला मृतांच्या राज्याचा राजा केले, अशी कथा. त्याची समाधी बिगावर आहे, अशी श्रद्धा होती. तिथे सामान्यांना बंदी, मोठ्याने बोलायला बंदी, वाद्य वाजवायला बंदी. समाधीभोवती ३६५ अर्घ्यपात्रे होती, वर्षाच्या एकेका दिवसाची एक. दर दहा दिवसांनी आयसिसची मूर्ती नावेतून पलीकडे जाई आणि तिच्या नावाने तिथे दूध वाहिले जाई. नाईलचा पूर याच खडकांखालून निघतो असेही मानत. पूर वेळेवर आला तर इजिप्त पोटभर जेवणार. त्यामुळे नवऱ्याच्या समाधीवर दूध घालणारी ही देवी साऱ्या देशाच्या शेतीची जामीन होती म्हणा ना.

श्रद्धा झाली, आता पैशाचे बघू. एवढा संसार चालायचा तर उत्पन्न हवे. इ.स.पू. १५७ मध्ये सहाव्या टॉलेमीने न्युबियाच्या बाजूचा नदीकाठचा मोठा पट्टा आयसिसला इनाम दिला. ती सनद दुसऱ्या महाद्वाराच्या पायथ्याशी असलेल्या मूळच्या ग्रॅनाइट खडकावरच कोरलेली आहे. इनाम मिळाले म्हणून चिंता मिटली, असे मात्र झाले नाही. चाळीस वर्षांनी इथल्या पुजाऱ्यांनी आठव्या टॉलेमीला आणि त्याच्या दोन राण्यांना एक अर्ज केला. राण्या दोघी, मायलेकी, आणि दोघींचेही नाव क्लिओपात्रा. (आपण ओळखतो ती क्लिओपात्रा पुढची.) अर्जातली तक्रार मोठी ओळखीची आहे. सरहद्दीकडे येणारे-जाणारे सेनापती, अंमलदार, कारकून, पोलिस आणि त्यांचा सारा लवाजमा देवळात उतरतो आणि आपला खर्च आमच्याकडून जबरदस्तीने वसूल करतो. देऊळ कंगाल होत चालले आहे. असेच चालले तर महाराजांच्या नावाने करायच्या पूजेलाही काही उरणार नाही. तरी आपल्या अधिकाऱ्यांना आम्हाला त्रास न देण्याचे लेखी हुकूम व्हावेत, आणि तो हुकूम आम्हाला दगडावर कोरून लावण्याची परवानगी मिळावी. पुजारी हुशार. कागदी हुकूम गहाळ होतो, महाद्वारासमोरचा दगड नाकारता येत नाही. अर्ज मंजूर झाला, आणि तो ग्रीक भाषेत महाद्वारापुढच्या एका उंच दगडी स्तंभाच्या बैठकीवर लिहून ठेवला गेला. हा स्तंभ लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

सीमेवरच्या देवळाला असा जाच होता, तसा त्याचा एक फायदाही होता. देवी दोन्ही बाजूंची होती. आवारात आरेन्सनुफिस आणि मांडुलिस या न्युबियन देवांनाही जागा होती. आरेन्सनुफिसच्या देवळाचा काही भाग इजिप्तच्या चौथ्या टॉलेमीने बांधला, काही न्युबियातल्या मेरोईच्या राजा अर्कमानीने. राज्ये वेगळी, देऊळ एक. भिंतींवर यात्रेकरूंनी आपली नावे लिहिली आहेत, ती चित्रलिपीत, रोजच्या वापरातल्या डेमोटिक नावाच्या धावत्या लिपीत, ग्रीकमध्ये आणि मेरोईच्या लिपीत. इ.स.पू. २९ मधला रोमन सुभेदार गॅलस याचा एक शिलालेख इथे सापडला, तो चित्रलिपी, लॅटिन आणि ग्रीक अशा तिन्हींत आहे. गंमत म्हणजे तिन्ही मजकूर एक नाहीत. इजिप्शियन मजकूर इजिप्तच्या रिवाजाप्रमाणे, लॅटिन-ग्रीक मजकूर सुभेदाराच्या मोठेपणाप्रमाणे. दोन भाषांच्या घरात वाढलेल्यांना हे लगेच कळेल. एकच गोष्ट आपण आजीला एका तऱ्हेने सांगतो आणि ऑफिसात दुसऱ्या.

या दुतर्फा नात्यानेच देऊळ वाचले. इ.स. ३९२ पर्यंत रोमन साम्राज्यात सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांच्या पूजेवर बंदी घातली होती. इजिप्तमधली देवळे एकेक करून ओस पडली. फिले बेटावर तर तोवर ख्रिस्ती बिशपही आलेला होता. तरी आयसिसची पूजा थांबली नाही, कारण दक्षिणेकडचे ब्लेमी आणि नोबाद लोक तिला सोडायला तयार नव्हते, आणि त्यांना दुखवणे साम्राज्याला परवडत नव्हते. इ.स. ४५३ च्या सुमारास त्यांच्याशी लढाई झाली आणि रोमन सेनापती मॅक्सिमिनसने तह केला. हरलेल्या बाजूने मागून घेतले काय, तर आयसिसच्या देवळात येण्याची मोकळीक, आणि ठरलेल्या दिवशी देवीची लाकडी मूर्ती आपल्या मुलखात नेऊन, कौल लावून, परत आणून पोचवण्याचा जुना हक्क. ख्रिस्ती साम्राज्याने हे मान्य केले.

याच काळात, २४ ऑगस्ट ३९४ या दिवशी, एसमेत-आखोम नावाच्या माणसाने हेड्रियनच्या दरवाज्याच्या भिंतीवर मांडुलिस देवाची आकृती कोरली आणि तिच्याशेजारी चित्रलिपीत चार ओळी लिहिल्या. खाली डेमोटिकमध्ये आपले नाव, आईवडिलांचे नाव आणि तारीख घातली. हे काम कायमचे, अनंतकाळासाठी आहे, असेही लिहिले. त्या लेखाचे फोटो मी पुष्कळदा पाहिले. अक्षर सुबक नाही. जुन्या कारागिरांचा हात त्याला नव्हता. पण चित्रलिपीचा यानंतरचा तारीखवार लेख आजवर कुठेही मिळालेला नाही. डेमोटिकचा शेवटचा लेखही इथलाच, डिसेंबर ४५२ चा, आणि तोही याच पुजारी घराण्यातला. म्हणजे साऱ्या देशाची लिपी अखेरीस एका बेटावरच्या एका कुटुंबापुरती उरली होती. इ.स. ५३५ ते ५३७ च्या दरम्यान सम्राट जस्टिनियनच्या हुकमाने सेनापती नार्सेसने देऊळ बंद केले, पुजाऱ्यांना कैद केले, मूर्ती कॉन्स्टँटिनोपलला पाठवल्या. सभामंडपात संत स्टीफनचे चर्च झाले. खांबांवर क्रूस कोरले गेले, ते आजही दिसतात.

क्रूस कोरणाऱ्यांनी इजिप्तची ओळख पुसली, असे कुणालाही वाटेल. पण हे ख्रिस्ती लोक बोलत होते ती भाषा इजिप्शियनच होती. तिला आता कॉप्टिक म्हणतात. लिपी तेवढी बदलली होती. ग्रीक अक्षरे घेतली, आणि ग्रीकमध्ये नसलेल्या उच्चारांसाठी डेमोटिकमधली सहा-सात अक्षरे जोडली. आमच्या घरातल्या सुनेने गणपतीची मराठी आरती कन्नड अक्षरांत उतरवून घेतली आहे. तिला देवनागरी वाचायला वेळ लागतो, पण आरती म्हणताना एक शब्द चुकत नाही. कॉप्टिकचे तसेच झाले. पुढे अरबी आली, घराघरांतून कॉप्टिक गेली, पण चर्चच्या प्रार्थनेत ती आजही म्हटली जाते.

आता तो स्तंभ. १८१५ मध्ये विल्यम बँक्स हा इंग्रज गृहस्थ फिलेला आला, त्याने तो पाहिला आणि पुढे बेल्झोनीकरवी इंग्लंडला नेला. आज तो डॉर्सेटमधल्या किंग्स्टन लेसी इथल्या त्याच्या बागेत उभा आहे. बैठकीवर ग्रीक अर्ज, आणि वर चित्रलिपी. दोन्ही मजकूर एकमेकांची भाषांतरे नाहीत, पण राजाराणीची नावे दोन्हींत आहेत. रोझेटा इथल्या १७९९ साली सापडलेल्या शिळेवरून 'टॉलेमी' हे नाव कसे लिहितात याचा अंदाज आला होता. फ्रान्सच्या शांपोलियाँच्या हाती या स्तंभाची छापील नक्कल आली, तेव्हा त्याला 'क्लिओपात्रा' मिळाली. दोन नावे शेजारी ठेवून बघा. टॉलेमीच्या मूळ नावाची सुरुवात 'प'ने होते: प-त-ओ-ल-म. टॉलेमीतले पहिले चिन्ह, चौकोन, तेच क्लिओपात्रात पाचवे. म्हणजे तो 'प'. टॉलेमीतला चौथा बसलेला सिंह क्लिओपात्रात दुसरा. म्हणजे तो 'ल'. टॉलेमीतला तिसरा फास क्लिओपात्रात चौथा. म्हणजे तो 'ओ'. अशी चिन्हे सुटत गेली, आणि सप्टेंबर १८२२ मध्ये त्याने आपला शोध जाहीर केला. अक्षरे सुटली तरी शब्दांचा अर्थ कुठून आणणार? तिथे कामी आली कॉप्टिक. शांपोलियाँ ती तरुणपणीच शिकला होता. पुजाऱ्यांचा अर्ज आणि चर्चची प्रार्थना, दोन्ही मिळून एसमेत-आखोमच्या ओळी पुन्हा वाचता आल्या.

देवळावरचे शेवटचे संकट पाण्याचे. १९०२ मध्ये आस्वानला पहिले धरण पूर्ण झाले आणि पुढे दोनदा त्याची उंची वाढवली. फिले वर्षातले बरेच महिने पाण्याखाली जाऊ लागले. हिडकलच्या जलाशयातले विठ्ठलमंदिर पाणी ओसरले की वर येते, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. तसेच इथे होते. प्रवासी खांबांमधून नाव वल्हवत जात. एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांनी पाहिलेले खांबांवरचे निळे-हिरवे रंग या पाण्याने धुऊन नेले. नंतर वरच्या अंगाला मोठे धरण ठरले आणि १९६० मध्ये युनेस्कोने जगाला मदतीचे आवाहन केले. फिलेभोवती पोलादी पत्र्यांचा बांध घालून पाणी उपसले, देवळाचे सुमारे ४० हजार दगड नंबर घालून सुटे केले, आणि शेजारच्या अगिल्किया बेटाला फिलेचा आकार देऊन तिथे पुन्हा रचले. १९८० मध्ये देऊळ परत खुले झाले.

काम अचाट होते, यात शंका नाही. पण याच धरणासाठी १९६३-६४ मध्ये हजारो न्युबियन कुटुंबांना आपली गावे सोडून कोम ओम्बोच्या बाजूला जावे लागले. आयसिसची मूर्ती आपल्या मुलखात मिरवायला नेणाऱ्यांचा तो प्रदेश. दगडांना नंबर मिळाले, गावे पाण्याखाली गेली. त्या कुटुंबांतल्या मुलांना आजी-आजोबांची न्युबियन भाषा किती येते, हा प्रश्न त्यांच्याकडे आज जिव्हाळ्याचा आहे.

या सगळ्यावरून मला एवढेच सांगावेसे वाटते. फिलेची पूजा दोन्ही बाजूंच्या लोकांनी धरून ठेवली, म्हणून ती सगळ्यांत जास्त टिकली. तिथली लिपी एका घराण्याकडेच उरली, म्हणून ती त्या घराण्याबरोबर गेली. आपल्या भागात अनेक घरांच्या ट्रंकेत मोडीतले जमिनीचे कागद आहेत, पणजोबांची पत्रे आहेत. ती वाचणारे एखादेच आजोबा घरात किंवा गल्लीत उरलेले असतात. त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. ते वाचतील ते देवनागरीत उतरवा, कन्नडमध्ये उतरवा, मुलांना जी लिपी येत असेल तीत उतरवा. मागून येणाऱ्याला धागा सापडायला तेवढे पुरते.